माझी नागपूरची एमडी

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या आमच्या हॉस्पिटलच्या रक्तविकार विभागाच्या परिचय पुस्तिकेचं प्रूफ हातात आलं आणि दोन रात्री मला धड झोप लागली नाही. विभागातल्या प्रत्येकाचा फोटो, शिक्षण, प्रशिक्षण, संशोधनाचा विषय. पुस्तिका वेटिंग रूममध्ये ठेवतात, रुग्ण ती चाळतात. माझ्या फोटोखाली होतं, ‘एमडी, भारत’. त्याखाली रेसिडेन्सी आणि फेलोशिप, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, दोन्ही अमेरिकेतल्या.

यातली एमडी म्हणजे माझी एमबीबीएस आहे. इथे आधी ४ वर्षं कॉलेज, मग ४ वर्षं मेडिकल स्कूल, आणि त्या शाळेची पदवीच एमडी. म्हणून आपली एमबीबीएस त्या खणात बसते. मग बारावीनंतर १० वर्षांनी, थिसिस लिहून, नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घेतलेली माझी खरी, एमबीबीएसनंतरची एमडी कुठे गेली? तिला खणच नाही. ऑफिसमधल्या बाईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, इथे मान्यता असलेलंच प्रशिक्षण छापायचा नियम आहे. त्यांची काही चूक नव्हती. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नागपूरकरांना ‘मेडिकल’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. १९४७ पासून उभं आहे ते. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, कुठकुठून माणसं एसटीत बसून येतात, सोबत गाठोडं आणि मागल्या खेपेचे चुरगळलेले कागद. इमर्जन्सीच्या दिवशी एका खाटेवर दोघं, खाली सतरंजीवर तिसरा. जेआर-वनला, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाला असताना पहाटे तीन वाजता धानोऱ्याकडचा एक मुलगा आला, १४-१५ वर्षांचा, दोन्ही मांड्या धरून कण्हत. मी बोटातून रक्त घेतलं, काचेवर पेशींमधला ऑक्सिजन काढून घेणाऱ्या मेटाबायसल्फाइटचा थेंब, वर कव्हरस्लिप, कडा बंद केल्या आणि वाट पाहत बसले. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली त्या गोल पेशी एकेक करून लांबट होऊ लागल्या, मग वाकल्या. विळ्यासारख्या. वॉर्डातल्या मावशी मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, “सिकलसेलच हाय ना, मॅडम? त्याच्या बहिणीलेबी होता.” तांबड्या पेशी अशा विळ्यासारख्या करणारा, घराण्यातून येणारा हा रक्ताचा आजार. माझं प्रशिक्षण त्या रात्री झालं. कुठल्याही मान्यतेच्या यादीत ते नसलं तरी झालं.

इथे आल्यावर तेच इंटर्नल मेडिसिन मी पुन्हा ३ वर्षं केलं. रात्रीच्या ड्युटीला माझ्याहून ७ वर्षांनी लहान मुलं मला लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढणं, कसं करायचं ते समजावत होती. मी ऐकून घेतलं. थिसिस त्यांना नव्हता, मला होता, हे मात्र मी कधी बोलून दाखवलं नाही. आज बोलते आहे.

तरी त्याच पुस्तिकेतली बाकीची पानं वाचताना मला हेवा वाटला, तेही सांगितलं पाहिजे. एक सहकारी कॉलेजात इतिहास शिकला, मग डॉक्टर झाला. एक आधी अँब्युलन्सवर काम करायची. १७ व्या वर्षी फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीचे मार्क पाहून आपला सगळा जन्म ठरतो, तसं यांचं ठरलं नव्हतं. एमडी आणि पीएचडी एकत्र करायची सोय इथे सरकारी पैशाने १९६४ पासून आहे. आमचे विभागप्रमुख तर डॉक्टरच नाहीत, नुसते पीएचडी. पण राउंडनंतर सगळे त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जातात. आपल्याकडे मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवणाऱ्या एमएस्सी सरांना किती वर्षं ‘ते डॉक्टर नाहीत’ असं ऐकावं लागायचं! आणि इथे संशोधनासाठी आठवड्यातले ठरलेले दिवस कोणी हिरावून घेत नाही. नागपूरच्या आमच्या मॅडम ओपीडी संपवून, परीक्षा घेऊन, उरलेल्या वेळात रात्री पेपर लिहायच्या.

पण संशोधन इथल्यासारख्या इमारतीतच होतं, हे मला कोणी सांगू नये. अभय आणि राणी बंग दोघंही आपल्या मेडिकलचे. जॉन्स हॉपकिन्सला शिकून ते परत आले, १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही आरोग्यसेवा आणि संशोधनाची संस्था काढली. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. ते परत गेले. मी गेले नाही. आई फोनवर हे कधी म्हणत नाही, पण मी ऐकतेच. मी जे-वन या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर आले होते; परत न जाता राहायचं तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा गावात ३ वर्षं काम करावं लागतं. ती मी केली. १०० किलोमीटरवरून लोक माझ्याकडे यायचे. रुग्ण कुठलाही असो, त्याचं दुखणं दुखणंच असतं, एवढं मी स्वतःला सांगते.

शेवटी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, एमबीबीएस आणि एमडीतला फरक दोनदा विचारून घेतला आणि प्रूफ माझ्याकडे सरकवलं, “तुम्हीच लिहा.” मी लिहिलं : एमबीबीएस आणि एमडी (मेडिसिन), शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूर. थिसिस : विदर्भातील सिकलसेल. ते तसंच छापलं.

परवा क्लिनिकमध्ये एक कृष्णवर्णीय आजी नातवाला घेऊन आल्या. पुस्तिका त्यांच्या मांडीवर उघडी होती. सिकलसेल शिकागोत १९१० साली पहिल्यांदा नोंदला गेला आणि अमेरिकेत तो आफ्रिकेतून आलेल्यांचाच आजार मानला जातो. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो १९५२ मध्ये सापडला, हे इथे कोणाला फारसं माहीत नाही. आजींनी नागपूरच्या ओळीवर बोट ठेवलं. “तुमच्या लोकांनाही होतो हा?”

“हो. माझ्या गावी याचे वॉर्ड भरलेले असतात.”

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग नातवाच्या जॅकेटची चेन वर ओढत म्हणाल्या, “आमच्या याला थंडी बाधते. तिकडच्या मुलांना कधी त्रास होतो?”

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि मे महिन्यातलं ऊन, अंगातलं आटणारं पाणी आणि मृगाच्या पहिल्या पावसात भिजून आलेली पोरं, सगळं सांगायला लागले.