एक वाजतच नाही

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरात चार घड्याळं आहेत, तीन वेळ सांगतात आणि चौथं गोट्या खेळतं. मावसभावाने अमेरिकेहून आणलेलं. लाकडी फ्रेम, तीन तिरक्या पट्ट्या, स्टीलच्या गोळ्या, काटेबिटे काही नाहीत. दर मिनिटाला एक हात खालची गोळी उचलतो नि वर नेऊन सोडतो, टक्क! वरच्या पट्टीवर मिनिटं, मधल्या पट्टीवर पाच-पाच मिनिटं, खाली तास (तिथली एकची गोळी पक्की बसवलेली, ती हलतही नाही नि मोजायचीही नाही). वर पाचवी गोळी आली की पट्टी कलंडते, एक गोळी मधल्या पट्टीवर आणि बाकीच्या घरंगळत परत लायनीत.

१९७०च्या दशकात हार्ली मायेनशाइन नावाच्या माणसाने हे शोधलं. त्याच्याही आधी, १८०८मध्ये, इंग्लंडात विल्यम काँग्रीव्ह नावाच्या संशोधकाने नागमोडी खाचेतून गोळी पळवणारं घड्याळ काढलं होतं, पण धूळ बसली की ते चुकायचं, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात दोन दिवससुद्धा निभावलं नसतं.

शेजारच्या मासी पहिल्यांदा बघून म्हणाल्या, ‘आ तो रमकडुं छे!’ म्हणजे, हे तर खेळणं आहे. खोटं काय त्यात? वेळ बघायची तर मोजत बसा. पण कमाटीबागेतल्या फुलांच्या घड्याळापुढे तरी मनगटातलं घड्याळ जुळवायला कोण उभं राहतं, मजा म्हणूनच बघतो ना. वेळ बघायला रावपुऱ्याचा टॉवर आहे की, १८९६पासून.

खरी मजा एकला. १२:५९ला तिन्ही पट्ट्या गच्च भरतात आणि पुढच्या मिनिटाला सगळा लवाजमा धडाधडा खाली. दुपारी ठीक, रात्री एकला पाहुणे दचकून उठतात.

मागच्या दिवाळीत भाचा आला आणि गेल्यावर घड्याळ १२:५७ला अडकलं. हात बिचारा दर मिनिटाला रिकामा वर जातोय, रिकामा खाली येतोय. सेल बदलले, फ्रेम ठोकून पाहिली, शेवटी गोळ्या मोजल्या. २७ हव्यात, होत्या २४, आणि १२:५७ दाखवायला बरोब्बर २४च लागतात! म्हणजे दिवसभर चालणार आणि एक काही वाजणार नाही. बाबा दोन दिवस हेच सांगत हिंडले, ‘आमच्याकडे जेवायची वेळच होत नाही.’

मग एक गोळी नमुन्याला घेऊन सायकलवाल्याकडे गेलो, तीन छर्रे आणले. दुपारी सगळे समोर उभे, मासीसुद्धा. ५७, ५८, ५९... आणि धडाधड! आतून आई ओरडली, ‘वाजला ना एक, मग पानं घ्या आता!’