बाबांचं जीमेल कुणीतरी बळकावलं होतं, ते परत कसं मिळवलं

बाबा रिटायर्ड, साताऱ्याला असतात, मी पुण्यात. त्यांच्या जीमेलला सगळंच जोडलेलं, बँक, म्युच्युअल फंडाची स्टेटमेंटं, एलआयसी, इन्कम टॅक्स. एक दिवस त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राचा फोन आला की तुमच्या मेलवरून पैसे मागितलेत, सगळं ठीक आहे ना? बघायला गेले तर पासवर्डच लागेना. मी पुण्यातून लॅपटॉपवर रिकव्हरीचं पान उघडलं तर कोड पाठवायला जो नंबर दाखवत होता त्याचे शेवटचे दोन आकडे आमच्या घरातल्या कुणाचेच नाहीत. म्हणजे घुसणाऱ्याने रिकव्हरी नंबर पण बदलून टाकला होता.

तेवढ्यात शेजारच्या काकांनी प्रेमाने नेटवरून 'जीमेल कस्टमर केअर'चा नंबर काढून दिला आणि बाबांनी तो लावला पण. समोरचा गोड बोलून म्हणाला, आधी एनीडेस्क (आपला फोन-कॉम्प्युटर दुसऱ्याला लांबून चालवू देणारं ॲप) टाका, मग येईल तो ओटीपी सांगा. बाबांनी तिथेच फोन ठेवला, खूप बरं केलं. लोकहो, साध्या फुकटच्या जीमेलचं अकाऊंट फोनवरून परत मिळवून देणारा कुणीही नसतो, असले नंबर हमखास फ्रॉडवाल्यांचे असतात.

पुण्यातून काही जमेना, माहिती भरली की 'खात्री करता आली नाही' एवढंच उत्तर. मग नीट वाचल्यावर कळलं की गुगल तुम्ही काय उत्तर देता एवढंच बघत नाही, कुठून आणि कशावरून देता ते पण बघतं, म्हणजे जो कॉम्प्युटर, जो ब्राऊझर, जे घरचं वायफाय नेहमी वापरता तिथूनच करा असं ते स्वतःच सांगतात. म्हणून सरळ साताऱ्याला गेलो. बाबांचा तो हॉलमधला जुना डेस्कटॉप, त्याच्यावरचं क्रोम, घरचंच कनेक्शन. 'आठवणारा शेवटचा पासवर्ड' विचारला तेव्हा बाबांनी डायरी काढली, त्यात आधीचे पासवर्ड ओळीने लिहिलेले, सगळ्यात खालचा टाकला. अशा वेळी नक्की आठवत नसेल तरी प्रश्न सोडू नका, अंदाजाने का होईना पण लिहा.

आणि इथे आमचं काम झालं, कारण रिकव्हरी नंबर कुणी बदलला तरी जुन्या नंबरवर कोड मागवायचा पर्याय ७ दिवसांपर्यंत मिळू शकतो आणि आम्ही त्या मुदतीत होतो. बाबांच्या मोबाईलवर कोड आला, नवीन पासवर्ड टाकला, आत शिरलो. ज्यांना हे आत्ता झालंय त्यांनी म्हणूनच उद्यावर ढकलू नका, आजच बसा.

बाबा म्हणाले, "झालं ना रे, उठ आता, जेवून घे." पण मला चैन पडेना कारण मित्रांची उत्तरं इनबॉक्समध्ये कुठेच दिसत नव्हती. सेटिंगमध्ये फिल्टरचं पान उघडलं आणि सापडलं. एक फिल्टर करून ठेवलेला, मेलमध्ये बँक, ओटीपी, पासवर्ड यातला कुठलाही शब्द असला की मेल थेट कचऱ्यात, आणि फॉरवर्डिंगमध्ये एक अनोळखी पत्ता, म्हणजे आलेल्या प्रत्येक मेलची कॉपी तिकडे. पासवर्ड बदलला तरी या दोन गोष्टी आपोआप जात नाहीत! आपण निवांत बसलोय आणि त्याला सगळं पोचतंय. मोबाईलच्या ॲपमध्ये हे दिसत नाही, कॉम्प्युटरवरच बघावं लागतं, म्हणून बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तिथेच रिकव्हरी ईमेल, आपल्या अकाऊंटचा ॲक्सेस दुसऱ्या कुणाला दिलाय का, कुठल्या बाहेरच्या ॲपना परवानगी आहे हे पण तपासलं, अनोळखी डिव्हाईस साईन आऊट केली.

मग बँकेचे आणि फंडाचे पासवर्ड बदलले, मित्रांना बाबांनी स्वतः फोन करून सांगितलं. कुणाचे पैसे गेले नव्हते, तरी सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फ्रॉडच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं.

टू स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणारं) चालू केलं आणि बॅकअप कोड प्रिंट करून एलआयसीच्या फाईलमध्ये लावले, एका वेळी १० कोड मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो, फोन हरवला तर हेच कामाला येतात. रिकव्हरीला दुसरा ईमेल माझा दिला. आणि घरात कुणाचं जुनं सिम बंद करायचं असेल तर आधी सगळीकडून तो नंबर काढा, कारण बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणाला पण देऊ शकते. आईचा जुना नंबर तिच्या अकाऊंटला अजून लावलेला निघाला, तो त्याच दुपारी बदलला.