साहेबांभोवतीचं कोंडाळं आणि एक अँप्यूल

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात काम करते. वॉर्डात काय चुकलं आणि काय चुकता चुकता वाचलं, याचे फॉर्म माझ्याकडे येतात. महिनाअखेरीला त्यांचा आलेख काढून तो कार्यकारी समितीपुढे मांडायचा असतो. नव्या वैद्यकीय अधीक्षक मॅडम रुजू झाल्यावर हा आलेख चढायला लागला. इतका चढला, की 'मॅडम आल्यापासून चुका वाढल्या' अशी कुजबुज समितीत सुरू झाली. ज्या दिवशी त्यावर बैठक व्हायची होती, त्याच दिवशी सकाळी मेडिसिन वॉर्डात जे घडलं ते सांगायचं आहे.

आधी थोडं मागचं. आधीचे सर निष्णात डॉक्टर होते, पेशंटसाठी रात्री-अपरात्री धावत येणारे. पण अधीक्षक झाल्यावर त्यांची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर गेली. बाहेर पीए आणि भोवती ठरावीक तीन-चार विभागप्रमुख. खालची कोणतीही गोष्ट या चाळणीतून गेल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोचायची नाही. "आत्ता नको, सर गडबडीत आहेत," हे वाक्य मी स्वतः कितीदा ऐकलंय! त्यांचा राउंड आधीच कळवलेला असायचा. मग ट्रॉल्या पुसून लख्ख व्हायच्या, कॉरिडॉरमधली जादा स्ट्रेचर कुठेतरी ढकलली जायची. सरांना जे हॉस्पिटल दिसायचं, ते त्या तासापुरतं उभं केलेलं असायचं. त्यांना सगळं आलबेल वाटत होतं, यात नवल नाही. रोज जे कानावर पडतं त्यावरच माणसाचं मत बनतं, आणि त्यांच्या कानावर फक्त चांगलं पडेल अशी व्यवस्था भोवतालच्या लोकांनी केली होती. त्या काळात माझ्याकडे फॉर्म यायचे ते फक्त लपवताच न येणाऱ्या गोष्टींचे. पेशंट खाटेवरून पडला, वगैरे.

मॅडमनी वरची खोली मीटिंगसाठी देऊन टाकली आणि मेडिसिन वॉर्डाशेजारची जुनी स्टोअर रूम स्वतःसाठी घेतली. दार उघडलं की समोर कॉरिडॉर, दिवसभर स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज. सकाळी सातच्या ओव्हरला, म्हणजे रात्रपाळीची सिस्टर दिवसपाळीला पेशंटची माहिती देते तेव्हा, त्या न कळवता कोणत्या तरी वॉर्डात जाऊन उभ्या राहतात. मध्ये बोलत नाहीत. ओव्हर संपला की एकच विचारतात, "रात्री भीती कशाची वाटली?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. 'काय चुकलं?' असं विचारलं तर कोण सांगणार? भीती मात्र प्रत्येकीला वाटलेली असते. सुरुवातीला सिस्टर गप्प राहायच्या. मग हळूहळू उत्तरं येऊ लागली. एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारशेजारच्या खाटांवर आहेत. कोपऱ्यातल्या सलाइनच्या पंपाचा अलार्म नर्सिंग स्टेशनपर्यंत ऐकू येत नाही. मॅडम तिथल्या तिथे त्यावर काहीतरी करायच्या आणि शक्य नसेल तर का नाही तेही सांगायच्या. फॉर्म वाढले ते यानंतर.

त्या सकाळी नाइटच्या सिस्टरनं सगळा ओव्हर नीट दिला. कोणाची शुगर किती, कोणाचं युरीन आउटपुट किती, कोणती सलाइन कधी संपेल. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, तशी तिनं खिशातून एक फोडलेली अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची छोटी बंद कुपी, काढून टेबलावर ठेवली. पोटॅशियम क्लोराइड, आम्ही केसीएल म्हणतो ते. पहाटे एक अँटिबायोटिक डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं होतं. तिच्या हाती पाण्याऐवजी ही अँप्यूल आली आणि सिरिंजमध्ये भरूनही झाली. सोबतच्या विद्यार्थिनीनं रिकाम्या अँप्यूलवरचं लेबल उजेडात धरलं आणि विचारलं, "सिस्टर, हे पाणीच आहे ना?"

एवढ्यावर निभावलं. केसीएल भरपूर पातळ करून, सावकाश द्यायचं औषध आहे. तीव्र स्वरूपात एकदम शिरेत गेलं तर हृदय थांबतं.

तिथे उभे असलेले कन्सल्टंट भडकले. "मेमो द्या हिला. आजच्या आज." इन्चार्ज सिस्टरचा हात पेनाकडे गेलासुद्धा. मॅडम त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "सिस्टर, ट्रॉली दाखवा. पहाटे उभ्या होतात तिथेच उभ्या राहा."

दोन्ही अँप्यूल एकाच खणात, लगतच्या कप्प्यांत. दोन्ही दहा मिलीच्या, दोन्हींत पाण्यासारखं रंगहीन द्रव. पेशंटची झोपमोड नको म्हणून त्या बाजूची ट्यूबलाइट रात्री बंद असते. मॅडमनी ती बंद करायला लावली, पडदे ओढायला लावले. मग दोन्ही अँप्यूल कन्सल्टंटच्या हातात देऊन म्हणाल्या, "सर, यातलं पाणी कुठलं?" सरांनी अँप्यूल लांब धरली, जवळ आणली, चष्मा लावला. थोड्या वेळानं म्हणाले, "खात्रीनं नाही सांगता येत." त्यांनी ते सरळ कबूल केलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. मेमोचा विषय तिथेच संपला.

तीव्र केसीएल वॉर्डात ठेवू नये, ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं 1998 मध्ये गंभीर दुर्घटनांबद्दल इशारे काढायला सुरुवात केली, तेव्हाचा पहिलाच इशारा या औषधाबद्दल होता. आमच्या धोरणाच्या फाइलमध्येही तो नियम होता. पण कोणाच्या तरी सोयीसाठी अँप्यूल परत ट्रॉलीत आल्या आणि वर कोणाला कळलं नाही. त्या दुपारी सगळ्या वॉर्डांतलं केसीएल फार्मसीच्या कुलपात गेलं. लागेल तिथे तयार, पातळ केलेल्या पिशव्या यायला लागल्या.

नंतर मी त्या विद्यार्थिनीला विचारलं, मोठ्या सिस्टरला टोकायची भीती नाही वाटली? ती म्हणाली, "या सिस्टर विचारलं तर रागावत नाहीत." आणि या सिस्टर का रागावत नाहीत? त्यांच्या इन्चार्ज हल्ली त्यांच्यावर रागावत नाहीत म्हणून. आणि इन्चार्जना रोज सात वाजता मॅडम दिसतात. वरच्या माणसाचं वागणं पायरी पायरीनं खाली उतरतं, ते असं.

उलटंही तसंच उतरतं. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जंबो विमानं आदळून 583 माणसं गेली. उड्डाणासाठी धावत सुटलेल्या केएलएमच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं 'पॅन अ‍ॅमचं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नाही का?' अशी शंका काढली होती. कॅप्टन म्हणजे कंपनीतले नावाजलेले प्रशिक्षक. त्यांनी ठामपणे ती उडवून लावली आणि इंजिनिअर पुढे बोलला नाही. धुकं, रेडिओवरचा गोंधळ अशी इतरही कारणं होती. पण त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात ज्युनिअरनं टोकायचं आणि सीनिअरनं ऐकायचं हे मुद्दाम शिकवायला लागले.

दुपारी बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, एवढे फॉर्म का वाढले? मी अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांचं संशोधन मांडलं. नव्वदच्या दशकात त्यांनी हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील ही त्यांची अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले. चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. तिथली माणसं चुकांबद्दल बोलत होती, इतर ठिकाणची लपवत होती, हा त्यांनी काढलेला अर्थ. मग मी आमच्या आलेखाचे दोन भाग करून दाखवले. पेशंटपर्यंत पोचलेल्या चुका वाढलेल्या नव्हत्या. वाढ होती ती आधीच पकडलेल्या चुकांच्या नोंदींत.

तरी एक सदस्य म्हणाले, पुढच्या तिमाहीत हा आकडा निम्मा करण्याचं टार्गेट ठेवू या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "टार्गेट दिलंत तर आकडा उद्याच निम्मा होईल. फॉर्म येणं थांबेल, केसीएल कुठे आहे ते मात्र आपल्याला कळणार नाही." टार्गेट बारगळलं. त्याऐवजी समितीतले दोघं सकाळच्या ओव्हरला उभे राहायला तयार झाले, आणि खरंच आले.

सगळीकडे असंच झालंय असं नाही. एका विभागातून अजून एकही फॉर्म येत नाही. तिथल्या प्रमुखांना त्या शून्याचा अभिमान आहे. मला मात्र त्याचीच काळजी वाटते. त्यांचा राउंड आजही आधी कळवून होतो. पुढच्या आठवड्यात मी तिथल्या ओव्हरला जाणार आहे. मेडिसिन वॉर्डातली ती सिस्टर स्वतःहून सोबत यायला तयार झाली आहे. तिनं अट एवढीच घातली आहे, की आधी तिथली औषधांची ट्रॉली रात्रीच्या उजेडात बघायची, मग बोलायचं.