शेंगदाण्यावर जकात शून्य, तरी कंटेनर अडकला

भारत-युरोप व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं आणि ओळखीचे सगळे दुकानदार मला फोन करून विचारायला लागले, "ताई, आता शेंगदाणे स्वस्तात देणार ना?" नाही देणार. युरोपात शेंगदाण्यावरची जकात आधीपासूनच शून्य आहे. ही बोलणी २००७ साली सुरू झाली, २०१३ ला थंडावली, २०२२ मध्ये परत सुरू झाली; एवढ्या वर्षांत माझ्या गोण्यांशी त्यांचा काडीचा संबंध आला नाही. माझे पैसे जातात ते बंदरावर.

आम्ही जर्मनीत भारतीय किराणा दुकानांना घाऊक माल पुरवतो. डाळी, पोहे, साबुदाणा आणि सौराष्ट्रातला शेंगदाणा. सीमाशुल्काचा ईओआरआय क्रमांक (आयातदाराची नोंदणी), क्लिअरिंग एजंट, बँकेचे कागद हे सगळं बिनबोभाट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

खरी गोम अफ्लाटॉक्सिनची. दाण्याला बुरशी लागली की हे विष तयार होतं. थेट खायच्या शेंगदाण्यात त्याच्या बी-१ प्रकाराची युरोपातली मर्यादा किलोला २ मायक्रोग्रॅम, सगळे प्रकार मिळून ४. भारतीय शेंगदाणा युरोपच्या २०१९/१७९३ या नियमातल्या जादा तपासणीच्या यादीत आहे. म्हणजे निघण्याआधी तिकडे प्रयोगशाळेचा अहवाल आणि सरकारी प्रमाणपत्र हवं. इकडे बंदरावर प्रत्येक खेपेचे कागद बघतात आणि काही खेपा उघडून नमुने काढतात. माझा याला विरोध नाही, माझी मुलंही हेच दाणे खातात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांचा माल युरोपात कसा अडकला ते ज्यांना आठवतंय, त्यांना युरोपची ही बाजू वेगळी समजवायला नको.

पण त्याच नियमात एक कलम आहे. खेपेला एक ओळख क्रमांक असतो. तो अहवालावर हवा, प्रमाणपत्रावर हवा आणि प्रत्येक गोणीवरही हवा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

माझ्या कंटेनरमधल्या बऱ्याच गोण्यांवर निर्यातदाराच्या माणसाने त्या क्रमांकाचं शेवटचं अक्षर छापलंच नव्हतं. प्रमाणपत्रावर ते होतं. तपासणी अधिकाऱ्याने फोटो पाठवला: तागाची गोणी, निळी शाई, आकडे ठसठशीत आणि शेवटी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेपायी अख्खा कंटेनर रोखून धरला.

राजकोटला निर्यातदाराला फोन लावला. शेठ म्हणाले, "हो जाएगा बेन, मैं अभी लेटर भेजता हूँ." लेटर आलंही तासाभरात, कंपनीच्या लेटरहेडवर, गोल शिक्क्यासकट. बंदरावरच्या अधिकारी बाईंनी ते वाचलंसुद्धा नाही. निर्यातदाराच्या शब्दाला किंमत नाही. ज्या सरकारी कार्यालयाने प्रमाणपत्र दिलं त्यानेच कळवायला हवं की हा लॉट तोच. आणि तारीख कोणती? धनत्रयोदशी. तिकडचं कार्यालय उघडलं तेव्हा इकडे शनिवार. सोमवारी इकडे माणूस भेटला तेव्हा तिकडचे साहेब रजेवर. मग ईमेल आला तो खाजगी पत्त्यावरून, तो चालेना. मग सरकारी पत्त्यावरून आला, त्यात कंटेनर क्रमांक नव्हता. मी रोज सकाळी साडेचारला उठून भारतात फोन करत होते आणि दुपारी बंदरावर विनवण्या. बाई उद्धट नव्हत्या, उलट फार सौजन्याने "नाही" म्हणायच्या, त्याचाच जास्त संताप यायचा. दरम्यान डेमरेजचं, म्हणजे कंटेनर बंदरावर पडून राहिल्याच्या आकाराचं, मीटर चालूच. शिपिंग लाइनला दिवाळी कळत नाही.

इथे एक आठवलं ते सांगून टाकते: प्रमाणपत्र दिल्यापासून चारच महिने चालतं, आणि प्रयोगशाळेचा निकाल सहा महिन्यांहून जुना चालत नाही. २०२३ च्या अखेरपासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालतात, त्यात महिना कसा जातो कळत नाही. तेव्हा प्रमाणपत्र फार आधी काढून ठेवू नका.

शेवटी योग्य पत्त्यावरून, योग्य मजकुराचं पत्र आलं. कागद मान्य झाले. आणि मग बाईंनी कळवलं की आता नमुने काढणार! कंटेनरभर गोण्यांमधून थोडे थोडे दाणे काढत जातात, सगळे मिळून वीस किलोपर्यंत, आणि ते दळून तपासतात. खर्च आयातदाराचा, शिवाय ते दाणेही आपलेच. निकाल मर्यादेच्या खूप खाली आला. तो ईमेल मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

नवीन माणसाने एवढं करावं: कंटेनर भरण्याआधी गोण्यांच्या मार्क्याचे फोटो मागवा, प्रमाणपत्राचा मसुदा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. "हो जाएगा" यावर जाऊ नका. आगाऊ वर्दी ट्रेसेस या युरोपच्या ऑनलाइन प्रणालीत माल पोचायच्या किमान एक कामाचा दिवस आधी द्यायची असते; ती एजंटवर सोपवली तरी स्वतः उघडून बघा.

आता आमच्या व्यापारी संघटनेने व्यापार धोरणाच्या प्राधान्यांसाठी प्रश्नावली धाडली आहे, मतं ब्रुसेल्सला जाणार म्हणे. तिथे युरोकॉमर्स ही किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांची शिखर संघटना बसते. प्रश्नावलीत जकात कपात, नवे करार आणि १५० युरोंखालच्या पार्सलांची जकातमाफी काढणं यांना क्रम द्यायचा होता. शेवटचा मुद्दा मला पटतो. २०२४ मध्ये असली ४६० कोटी पार्सलं युरोपात आली, त्यातली कितीशी कुणी उघडून बघितली असतील? आणि इथे माझ्या गोणीवरचं एक अक्षर शोधत बसले. ती माफी काढायचं ठरलंय, चांगलं आहे. पण मी पहिला क्रमांक "इतर" या चौकटीला दिला आणि लिहिलं: छपाईची चूक आणि माल खराब असणं यात फरक करा, नमुने लगेच काढा, कागद मागाहून दुरुस्त होऊ द्या आणि तिकडच्या कार्यालयाला थेट विचारायची सोय बंदरावरच्या माणसाला द्या. चौकट लहान होती, म्हणून वेगळं पान जोडलं.

आणि हो, शिपिंग लाइनशी भाव ठरवताना भाड्यात घासाघीस करण्यापेक्षा बंदरावरचे फुकट दिवस, म्हणजे डेमरेज न लागणारे दिवस, वाढवून मागा. मागितले तर देतात, न मागता कोणी सांगत नाही.