लघु प्रश्नोत्तरी ते प्रभुभोजन : विश्वासकबुलीच्या तयारीचा माझा अनुभव

तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याला प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीच्या, मेजावर येण्याआधी मंडळीपुढे, म्हणजे आपल्या चर्चपुढे, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा लागतो. त्या तयारीसाठी आमच्या वर्गात वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्नोत्तरांतून ख्रिस्ती शिकवण सांगणारं छोटं पुस्तक, होती. लंडनमधल्या पाळक-पंडितांच्या सभेने ती १६४७ साली पुरी केली. प्रश्न १०७, उत्तरं बहुतेक एकेका वाक्याची, पण वाक्य असं घट्ट विणलेलं की एक शब्द सुटला तर अर्थ बदलतो.

आमच्या सोलापूरची जुनी मंडळी अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे काँग्रिगेशनल : प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहते. प्रेस्बिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या मंडळाने कारभार पाहणारं, मिशन कोल्हापूर-मिरजेकडचं. कारभाराची रीत वेगळी, शिकवण मात्र एकाच रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या, मुळाची. १९२४ साली हे दोन्ही प्रवाह एका मंडळीत आले आणि १९७० साली ती बिशप असलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. म्हणून नाव देतानाच एक गोष्ट विचारून घ्यावी : शेवटचा विधी बिशपांच्या हस्ते दृढीकरणाचा, म्हणजे डोक्यावर हात ठेवून विश्वासात पक्कं करण्याचा, आहे, की निव्वळ प्रेस्बिटेरियन पद्धतीने वडीलमंडळच सभासद करून घेणार? बिशपांची तारीख मिळायला वेळ लागतो. वर्ग उन्हाळ्यात असेल तर सकाळी लवकरचा मागावा. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी कोणाचंच डोकं चालत नाही.

पुस्तक हातात आलं की पहिल्या प्रश्नापासून घोकायला बसू नये. आधी रचना पाहावी. ३८ पर्यंत काय मानायचं, ३९ पासून कसं वागायचं. त्यातले ४१ ते ८१ दहा आज्ञांवर, ९९ ते १०७ प्रभूच्या प्रार्थनेवर. म्हणजे जवळपास अर्धं पुस्तक संडे स्कूलमध्ये पाठ झालेल्या मजकुराचंच स्पष्टीकरण आहे. खरी मेहनत २९ ते ३६ मागतात. ख्रिस्ताने मिळवलेलं तारण माणसापर्यंत पोचतं कसं, हे तिथे सांगितलंय, आणि तिथलाच गोंधळ पुढे सगळीकडे पसरतो.

३३ वा प्रश्न नीतिमान ठरण्याचा, ३४ वा दत्तकपणाचा, म्हणजे देवाची लेकरं होण्याचा, ३५ वा पवित्रीकरणाचा. पहिल्या दोन्हींना प्रश्नोत्तरी देवाच्या कृपेची ‘कृती’ म्हणते आणि तिसऱ्याला ‘कार्य’. कृती एकदाच होते, पुरी होते. कार्य चालू राहतं. देव पापांची क्षमा करतो आणि ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या नावे मोजून आपल्याला नीतिमान ठरवतो. ते आपण केवळ विश्वासाने स्वीकारतो. पवित्रीकरणात पापाला मरणं आणि नीतीला जगणं थोडंथोडं वाढत जातं. कोर्टाचा निकाल एकदा लागतो, दुखण्याचं पथ्य मात्र रोज पाळावं लागतं.

नीतिमान ठरणं आणि पवित्रीकरण हे दोन उलटे बसले की काय होतं ते वर्गात सारखं दिसायचं. आपल्याकडे पाप-पुण्याचा हिशोब हाडीमाशी मुरलेला. त्यामुळे ‘आपण सुधारत जातो, पुरेसे सुधारलो की देव नीतिमान ठरवतो’ असं उत्तर अगदी सहज तोंडात येतं. ऐकायला धार्मिक, पण गाडी उलट्या दिशेने. मग ‘सत्कर्मं कशाला?’ या प्रश्नावर जीभ अडकते. जर्मनीतल्या हायडलबर्गची १५६३ ची प्रश्नोत्तरी इथे फार उपयोगी पडते. तिचे १२९ प्रश्न तीन भागांत आहेत : माणसाची दुर्दशा, सुटका, कृतज्ञता. दहा आज्ञा तिने तिसऱ्या भागात ठेवल्यात. पाळायच्या, पण सुटका झाली म्हणून. सुटका व्हावी म्हणून नव्हे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत, असं माझं मत.

मेजापाशीही हीच चूक वर येते. ९७ वा प्रश्न आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं २८ वं वचन स्वतःची परीक्षा करायला सांगतं. ते वाचून कित्येक जण ‘मी अजून लायक नाही’ म्हणत वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात. पण परीक्षा निष्पापपणाची नाही. प्रभूचं शरीर ओळखण्याचं ज्ञान, त्याच्यावरचा विश्वास, पश्चात्ताप, प्रीती आणि नवं आज्ञापालन आहे का, हे बघायचं. कमजोर विश्वासही विश्वासच. परीक्षेनंतर खायचं, असंच ते वचन सांगतं; घरी बसायचं नाही.

भाकरी-द्राक्षारसाबद्दल दोन टोकं टाळायची. भाकरीचं स्वरूप बदलत नाही, तिला नमस्कार करायचा नाही. पण ती नुसती आठवणही नाही : विश्वासाने घेणाऱ्याला पवित्र आत्मा खरोखर ख्रिस्ताचा वाटा देतो. शेजारीपाजारी याला प्रसाद म्हणतात; वाद न घालता एवढंच सांगावं की विश्वासाशिवाय ती खाऊन काही पदरात पडत नाही.

पाठांतरात हमखास फसणारी जागा म्हणजे आज्ञांचे क्रमांक. रिफॉर्म्ड मोजणीत मूर्तीविषयीची आज्ञा स्वतंत्र, दुसरी. रोमन कॅथलिक आणि लूथरन ती पहिलीतच धरतात आणि लोभाची आज्ञा दोनांत विभागतात. त्यामुळे ‘सहावी आज्ञा’ म्हटल्यावर आपल्याकडे खून, त्यांच्याकडे व्यभिचार. दुसऱ्या पंथाची पुस्तिका घरात असेल तर अभ्यासापुरती बाजूला ठेवावी.

निवडीचा, म्हणजे तारणासाठी देवाने माणसं आधीच निवडल्याचा, विषय २० व्या प्रश्नात येतो. वडीलमंडळातले वडील हमखास विचारतात : देवाने निवडलंच आहे, तर प्रार्थना आणि सुवार्ता कशाला? उत्तर ८८ व्यात आहे. ज्याने शेवट ठरवला त्यानेच वचन, संस्कार (बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन) आणि प्रार्थना ही साधनंही ठरवली. ‘माझी निवड झालीय का’ हे देवाच्या गुप्त संकल्पात डोकावून शोधायचं नसतं, ख्रिस्ताकडे यायचं.

वडीलमंडळापुढची भेट तोंडी असते. घडाघडा म्हणून दाखवलं की ते मध्येच थांबवतात आणि ‘म्हणजे काय?’ विचारतात. २१, ३३, ३५, ८६, ८७, ९४ ते ९७ एवढ्यांची उत्तरं स्वतःच्या भाषेत, प्रत्येकी एका वचनाच्या आधाराने सांगता आली पाहिजेत. प्रेषितांचा विश्वासांगीकार मात्र शब्दशः. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांनी आधी घरच्या भाषेत समजून घेऊन मग मराठीत म्हणावं. उलटं केलं तर ‘म्हणजे काय?’ला उत्तर सुचत नाही.

मग ठरलेल्या रविवारी मंडळीपुढे प्रतिज्ञेचे प्रश्न विचारतात, उत्तर मोजकं असतं. त्यानंतर रजिस्टरमधली नोंद स्वतः पाहावी : बाप्तिस्म्याची तारीख आणि नावाचं स्पेलिंग दाखल्याशी जुळतंय ना. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जायचं झालं, तर याच नोंदीवरून तिथल्या मंडळीसाठी सभासदत्वाचं पत्र मिळतं.