भाटघरच्या पाण्याखालची नदी आणि एक महसीर

पुण्याच्या आसपास मोठा मासा धरायचाय म्हटलं की लोक आधी रॉडची चौकशी करतात. किती फुटी घेऊ, रीळ कुठलं, दोरी किती पौंडाची. मी उलट विचारतो, ज्या पाण्यात गळ टाकणार आहात त्याच्या तळाशी काय आहे ते कधी पाहिलंय का? आपल्याकडे ज्याला आपण तलाव म्हणतो ते पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर, सगळे धरणांचे जलाशय आहेत. प्रत्येकाच्या पोटात एक नदी आहे, तिचे डोह आहेत, खडक आहेत, तिला मिळणारे ओढे आहेत. पाणी वर चढलं म्हणून नदी नाहीशी होत नाही. आणि थोराड मासा, विशेषतः महसीर, त्या नदीला सोडत नाही. तलाव केवढा आहे याला काही अर्थ नाही, नदी कुठून जाते ते कळलं पाहिजे.

म्हणून माझी मासेमारी मे महिन्यात सुरू होते, आणि तेव्हा हातात रॉड नसतो.

भाटघरला जायचं तर कात्रजचा बोगदा ओलांडून, खेड शिवापूर मागे टाकून कापूरहोळला महामार्ग सोडायचा आणि भोरच्या रस्त्याला लागायचं. वाटेतच धरणाची दगडी भिंत दिसते. 1928 च्या सुमारास बांधून झालेलं हे लॉइड धरण. त्याच्याही आधी इथे एक धरण होतं, 1892 सालचं, लेक व्हायटिंग म्हणायचे त्याला. ते अपुरं पडायला लागलं म्हणून हे मोठं धरण आलं. आज जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. भिंतीपाशी मी फारसा रेंगाळत नाही. गाडी सरळ काठाकाठाने वेळवंड खोऱ्यात घालतो, कारण खरी गोष्ट तिकडे, पाण्याच्या शेपटीला आहे.

मे अखेरीला वेळवंड खोरं ओळखू येत नाही. पाणी इतकं खाली जातं की कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. वर्षातले बहुतेक महिने पाण्यात असणारं हे दगडी देऊळ त्या थोड्या आठवड्यांत कोरड्या जमिनीवर उभं असतं आणि लोक दर्शनाला येतात. मीही नारळ ठेवतो आणि मग देवळाकडे पाठ करून उताराला लागतो. पायाखाली भेगाळलेला गाळ, मधेमधे गाळपेरीची हिरवी खाचरं, जुन्या शेतांचे ताली घातलेले बांध, कुठे आंब्याचा काळा पडलेला बुंधा. या सगळ्याच्या मधून वेळवंडी वाहते, उन्हाळ्यातली बारीक धार, पण पात्र मात्र तिचं जुनंच.

हे पात्र पायी चालत बघावं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ खात गेलेलं असतं, तिथे उभा कातळ आणि खाली खोल डोह. आतल्या अंगाला गोटे आणि वाळू साचलेली. ओढा जिथे नदीला मिळतो तिथे दगडांचा पंखा पसरलेला असतो. ऑक्टोबरात या सगळ्यावर पाणी चढलं की वरून सपाट, एकसारखा निळा पत्रा दिसणार. पण मासा या कातळालाच धरून राहणार, दगडांच्या पंख्यावर चरायला येणार आणि परत डोहात जाणार. मी फोनमध्ये प्रत्येक जागेची खूण नकाशावर टाकतो, फोटो काढतो, आणि समोरच्या डोंगरावरच्या दोन खुणा वहीत लिहून ठेवतो. उदाहरणार्थ, अमुक सोंड आणि तमुक घराचं लाल छप्पर एका रेषेत आलं की आपण वळणावर आहोत. फोनची बॅटरी संपते, सोंड हलत नाही.

त्या दिवशी एका वळणावर मला हवी ती जागा मिळाली. साधारण दोन पुरुष उंचीचा कातळ, त्याला आडवी भेग, आणि भेगेखाली खेकड्यांची बिळंच बिळं. पाण्याच्या ओल्या रेषेवर गोगलगायींचे शिंपले पडलेले. महसीरच्या तोंडात दात नसतात, घशात असतात, आणि त्या दातांनी तो खेकडा आणि शिंपला भरडून खातो. जिथे हे खाणं, त्याच्या शेजारी खोल पाणी आणि वरून येणारा ओढा, तिथे महसीर नसेल तर मग जलाशयात कुठेच नसेल, असं मला त्या भेगेसमोर उभं राहून वाटलं.

महसीरबद्दल पुणेकरांनी थोडं जास्त प्रेम बाळगायला हवं, कारण हा मासा शास्त्राला माहीत झाला तो आपल्याच नदीतून. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला हा मासा होता. आज त्याला टोर खुद्री म्हणतात. त्याच मुळा-मुठेची आजची अवस्था आपण पुलावरून रोज बघतो, नाकाला रुमाल लावून. मोठाले खवले, अंगाच्या बाजूने एका ओळीत जेमतेम 25-27 भरतील इतके मोठे, आणि पर निळसर. पावसाळ्यात नदीला पूर आला की तो वर चढतो, वाहत्या, स्वच्छ पाण्यात गोट्यांवर अंडी घालतो, तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. म्हणजे जलाशयात तो राहील, वाढेल, पण पिल्लं द्यायला त्याला नदी लागतेच. वरचे ओढे आटले, वाळू उपसली, की धरण भरलेलं असूनही महसीर संपतो.

पाऊस ओसरला, धरण भरलं, पाणी निवळलं, आणि दिवाळीआधीची पहिली थंडी पडली तसा मी परत निघालो. अशा जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. बाहेरून येऊन रॉड टाकणाऱ्याने आधी त्यांना विचारावं, पैसे विचारून द्यावेत. पाण्यात बीज सोडतात ते, जाळी फाटतात त्यांची. मी तात्यांना आधीच फोन केला होता. तात्या जन्मापासून या खोऱ्यातले, साठीच्या पुढचे.

"येवा की," ते म्हणाले, "पन मासा सोडून देनार म्हनता, त्ये काय बरोबर न्हाय."

"तात्या, महसीर असेल तरच सोडायचा. बाकी जे येईल ते तुमचं."

"कटला घावला तर सोडू म्हनू नका. त्यो आमचाय."

असा करार झाला, आणि मला तो अगदी योग्य वाटतो. कटला, रोहू, मृगळ हे आपल्या नदीचे मासे नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातून आणून जलाशयांत सोडलेले. ते खाण्यासाठीच आहेत. ते धरायचे असतील तर रीत वेगळी. कटला वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, त्यामुळे वारा ज्या काठाकडे पाणी ढकलतो तिकडे तो जमतो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. मरळ धरायची तर पाणवेलींच्या कडेला, कारण ती हवा घ्यायला वर येते आणि बुडबुडा सोडून जागा सांगून जाते. मात्र पावसाळ्यात मरळीचे आईबाप पिल्लांच्या लालसर थव्याखाली राखण करत फिरतात, तेव्हा त्यांच्यावर गळ टाकू नये. मोठा मासा सहज गळाला लागतो, पण मागे उरलेली पिल्लं चिलापी आणि बाकीचे मासे फस्त करतात.

पहाटे तात्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसलो. थर्माकोलचे ठोकळे खताच्या गोण्यांत शिवून वर फळी टाकलेली, वल्हं म्हणून दोन थाळ्यांएवढे पत्रे. पाण्यावर वाफ होती. सोंड आणि लाल छप्पर रेषेत येईपर्यंत तात्या हळूहळू वल्हवत राहिले, मग त्यांनी शिसं बांधलेली दोरी सोडली. दोरीला हातभर अंतरावर गाठी. शिसं टेकलं, त्यांनी दोन हात मागे सरून पुन्हा सोडलं, आणि या वेळी दोरी गाठीमागून गाठ सरकत बराच वेळ खाली जात राहिली. "हितं कडा हाय," ते म्हणाले. मे महिन्यात ज्या कातळाला मी हात लावला होता त्याच्या बरोबर माथ्यावर आम्ही होतो.

तराफ्यावरून गळ टाकत नाही मी, काठावर उतरतो. वळणाच्या आतल्या अंगाचा उतार पाण्यात शिरत होता तिथे उभा राहिलो. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि थोडी हळद घट्ट मळून लिंबाएवढा गोळा केला. गळाची उलटी आकडी पक्कडीने आधीच दाबून सपाट केली होती, म्हणजे गळ सुटताना माशाचा ओठ फाटत नाही. दोरी मुद्दाम जाड. बारीक दोरीवर मासा दमवत ठेवण्यात काही मोठेपणा नाही, जितका वेळ तो झगडतो तितकी सोडल्यावर मरण्याची शक्यता वाढते. गोळा कड्याच्या कडेला पडेल असा टाकला आणि दोरी बोटावर घेतली.

ऊन डोंगरावरून उतरून पाण्यावर आलं. खंड्या एकदा ओरडत गेला. चिलापीची टोचणी बोटाला कळत होती, टुक टुक, गोळा कुरतडणारी. मी दोनदा नवा गोळा लावला. मग टोचणी अचानक थांबली. हे थांबणं मला नेहमी कान टवकारायला लावतं, कारण बारके मासे उगाच पळत नाहीत. दोरी दोन बोटं सरकली, क्षणभर सैल झाली, आणि मग रीळ किंचाळलं.

महसीरची पहिली धाव ज्याने हातात अनुभवली आहे त्याला सांगायला नको. तो वर उडी मारत नाही, कड्याकडे, खोल पाण्याकडे सुटतो, आणि त्या एका धावेत दोरी कातळावर घासून तुटायची असेल तर तुटते. मी रॉड आडवा करून त्याला वरच्या बाजूला, गोट्यांच्या उताराकडे वळवत राहिलो. तात्या पलीकडून ओरडत होते, "ढिल देऊ नका, ढिल देऊ नका!" दोरी पाण्यातून करकरत बाजूला सरकली. दुसरी धाव लहान होती. तिसऱ्या वेळी पाण्यात पितळी रंगाची एक मोठी कूस वळली आणि मी गुडघाभर पाण्यात उतरलो.

हात आधी ओले केले. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तेच त्याचं औषध आहे, कोरड्या हाताने तो निघून जातो आणि मग बुरशी धरते. त्याला पाण्यातच ठेवून शेजारी टेप धरला. नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत 84 सेंटीमीटर. वजन आठ किलोच्या आसपास असेल. काट्याला लटकवून वजन मी करत नाही, त्याने माशाच्या आतड्यांवर ताण येतो. जवळून पाहिला तेव्हा प्रत्येक खवल्याच्या बुडाशी काळसर सावली होती आणि टोकाला सोनेरी कड, पोटाकडे जाताना फिकट होत चांदीसारखी. खालचा ओठ जाड, रबरासारखा, त्याच्या मधोमध गळ. बोटाने मागे ढकलला तसा सहज सुटला. एक फोटो काढला, पाण्यातच.

मग दोन्ही हातांनी पोटाखाली आधार देऊन त्याला सरळ धरून ठेवला. कल्ले आधी धडधडत होते, मग संथ झाले. काही जण माशाला पुढे-मागे हलवतात, ते करू नये, मागे ओढताना पाणी कल्ल्यांत उलटं जातं. नुसतं धरावं. शेपटीला जोर आल्यावर तो आपणच हातातून निघाला, थेट कड्याच्या दिशेने.

तात्या तराफा घेऊन जवळ आले होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या लहानपनी व्हड्यात असं वीत-वीत बारके दिसायचे. जेष्ठात. आता दिसत न्हाईत." मी विचारलं, कुठल्या ओढ्यात, तर त्यांनी वरच्या अंगाला बोट दाखवलं. पुढच्या पावसाळ्यात तो ओढा मला बघायचाय, महसीर अजून तिथे चढतात का ते.

हा मासा हातातून गेलाय असं मात्र नाही. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिल्लं वाढवली जातात, आणि पूर्वी धोक्यात गणला जाणारा टोर खुद्री 2018 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत चिंतामुक्त गटात आला. पण त्याच कामाची दुसरी बाजूही आहे. आपल्याकडचा हा निळ्या परांचा महसीर तिकडे कावेरीत सोडला गेला आणि तिथल्याच कुबडवाल्या महसीरवर, टोर रेमादेवीवर, त्याने कुरघोडी केली. हा कुबडवाला महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. म्हणून पिशवीत पिल्लं घालून हौसेने कुठल्याही तळ्यात सोडणाऱ्या मित्रांना मी हात जोडतो. बंदी असूनही आफ्रिकन मागूर आपल्या नद्यांत पसरला तो असाच माणसांच्या हाताने.

उन्हं चढल्यावर तात्यांनी रात्री लावलेलं जाळं ओढलं. चिलापीच चिलापी, एक शिंगटा, दोन वाम आणि एक कटला, डोकं केवढं तरी मोठं, गुलाबीसर खवल्यांचा. त्यांच्या फळीवरच तराजू लावला, चार किलोला थोडा कमी भरला. भाव त्यांनी सांगितला तो दिला. त्यांच्या सुनेने तो कटला काठावरच साफ करून तुकडे केले, डोकं वेगळं बांधून दिलं आणि बजावलं, "डोक्याचा रस्सा करा, चिंच घालू नका, आमसूल घाला." कापूरहोळला बर्फ मिळाला. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत पुण्यात घरी होतो, आणि आमसूल घालूनच केला.