भाच्याची छप्पन नंबरची सायकल

भाचा लंडनला गेला आणि त्याची रोड-बाइक आमच्या डिचोलीच्या घरी पडवीत येऊन उभी राहिली. "मामा, चालव." तो पाच फूट अकरा, मी पाच फूट सहा. फ्रेमवर ५६ लिहिलेलं, म्हणजे फ्रेमचं सेंटिमीटरमधलं माप. दांडी दोन पायांमध्ये घेऊन उभा राहिलो, टाचा जेमतेम टेकल्या. म्हटलं, सीट खाली केली की झालं.

पहिल्याच रविवारी मयेवरून चोडण गाठलं. फेरीबोटीतून मांडवी नदी ओलांडून रायबंदरला उतरलो, तर उजवी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. खिशातला मोबाइल काढता येईना. ही दोन बोटं चालवणारी नस तळहाताच्या कडेने जाते. हँडल लांब पडलं की अंगाचा भार नेमका तिच्यावर. आमचा पोदेर सायकलवर पावाची टोपली घेऊन ताठ बसून जातो, त्याला हा त्रास कुठला!

मी आणखी शहाणपणा केला. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे सरकवली. हातांवरचा भार वाढलाच, आणि सीट आधीच खाली असल्यामुळे चढावर गुडघ्याची वाटी दुखू लागली.

शेवटी माप घेतलं. भिंतीला पाठ, पाय अनवाणी, मांड्यांमध्ये जाडजूड शब्दकोश सीटसारखा वर दाबलेला; बायकोने हसत पेन्सिलीची खूण केली. जमिनीपासून ७८ सेंटिमीटर. याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून (पेडलचे दांडे जिथे फिरतात तिथून) सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते: साधारण ६९. माझी सीट ६५ वर! वर घेतली. तळाशी गेलेल्या पेडलवर टाच ठेवली की पाय सरळ, चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा वाक. कंबर डावी-उजवी डुलत नाही ना, हे बायकोने मागून पाहिलं. गुडघा आठवड्याभरात गप्प झाला.

हात मात्र नाही. सीट वर गेली म्हणजे हँडल आणखी खाली गेलं. हँडलला फ्रेमशी जोडणारा ११० मिलिमीटरचा तुकडा, म्हणजे स्टेम, काढून ८० चा लावला. फरक पडला, पण कोपर ताठच. म्हापशाच्या मेकॅनिकने मला सायकलवर बसवलं, कोपराला बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "ही तुजी न्हय."

तेच ७८ गुणिले ०.६७ केलं तर फ्रेमचं माप साधारण ५२ येतं. हा आकडा आधी काढायला हवा होता. सीट वर-खाली होते, फ्रेमची लांबी कशी कमी करणार? सूत्र काही वेदवाक्य नाही, कंपनीगणिक मापं बदलतात. पण ५६ आणि ५२ मधला घोळ त्याने नक्की पकडला असता.

वापरलेली ५२ मिळाली. तिच्या सीटचं नाक खाली झुकलेलं होतं, त्यामुळे मी हातांवर घसरत होतो. गवंड्याची लेव्हल मागून आणली आणि सीट सपाट केली.

परवा रायबंदरला उतरल्या-उतरल्या मोबाइल काढला आणि भाच्याला फोटो पाठवला. पायांचा नाही, सायकलचा नाही, फक्त मांडवीचा. त्याची ५६ विकल्याचं अजून सांगितलेलं नाही.